पुशबॅक करताना विमानं एकमेकांना धडकतात कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दारं लागलेली असतात, पट्टे बांधून झालेले असतात, कुणीतरी घाईघाईने "निघालो" असा शेवटचा मेसेज टाकत असतं. तेवढ्यात खिडकीबाहेरची इमारत हळूच पुढे सरकू लागते. म्हणजे आपण मागे चाललेलो असतो. हवेतल्या अपघातांबद्दल लोक खूप विचारतात, या दोन-तीन मिनिटांबद्दल फारसं कुणी विचारत नाही. आणि बातमी आलीच, की "उभ्या विमानाला विमान धडकलं" हे वाचून पहिली प्रतिक्रिया हसण्याचीच असते. खालचे प्रश्न त्या हसण्यानंतर विचारले जाणारे आहेत.

पुशबॅक म्हणजे नेमकं काय?

मोठ्या विमानतळावर विमान टर्मिनलच्या इमारतीकडे नाक करून उभं असतं. ती जागा म्हणजे बे. निघायचं तर आधी मागे यायला हवं. त्यासाठी टग नावाचा बुटका, वजनदार ट्रॅक्टर विमानाच्या पुढच्या चाकाला जोडतात आणि विमान मागे ढकलत टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्यावर, आणून सोडतात. जोडणी दोन प्रकारची असते. एकात टग आणि चाक यांच्या मध्ये टो बार नावाचा लांब लोखंडी दांडा असतो. दुसऱ्यात दांडाच नसतो, टग पुढचं चाक उचलून स्वतःच्या पाळण्यात धरतो. विमान ढकललं जात असतानाच बहुतेक वेळा इंजिनंही सुरू केली जातात, त्यामुळे या टप्प्यात एकाच वेळी बरंच काही चाललेलं असतं.

विमान स्वतःच्या ताकदीवर मागे का येत नाही? इंजिन उलटं चालवता येतं ना?

येतं. उतरताना वेग कमी करायला इंजिनाचा झोत पुढे वळवतात, तोच वापरून मागेही येता येतं. १९८० च्या दशकात अमेरिकेत काही कंपन्या डीसी-९ आणि एमडी-८० जातीची विमानं असं मागे घेत असत. त्या विमानांची इंजिनं शेपटीजवळ उंचावर असल्याने ते जमत होतं. आजच्या बहुतेक विमानांची इंजिनं पंखाखाली, जमिनीपासून हातभर उंचीवर असतात. उलटा झोत सोडला की खडे, धूळ, खिळे, जे काही खाली पडलं असेल ते उडतं. मग ते इंजिनात जातं, टर्मिनलच्या काचांवर आपटतं किंवा खाली काम करणाऱ्या माणसाच्या तोंडावर. इंधन जळतं ते वेगळंच.

याचा एक विदारक दाखला आहे. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनला बर्फ पडत होतं आणि एअर फ्लोरिडाचं बोइंग ७३७ बेवरून मागे काढताना टगची चाकं बर्फावर घसरत होती. वैमानिकांनी उलटा झोत वापरून पाहिला. विमान हललं नाही, बर्फ आणि चिखल मात्र उडाला. शेवटी दुसरा टग आणून ते बाहेर काढलं. त्यानंतर उड्डाण करताच ते पोटोमॅक नदीवरच्या पुलाला धडकलं आणि पुलावरच्या ४ जणांसह ७८ माणसं गेली. मुख्य कारण पंखांवर साचलेला बर्फ आणि इंजिनाची बर्फविरोधी यंत्रणा बंद राहणं हे होतं. तरी चौकशीत बेवरच्या त्या उलट्या झोताचीही नोंद झालीच.

पायलटला मागचं काहीच दिसत नाही?

नाही. कॉकपिटला मागची काच नसते, बाजूला आरसे नसतात. एअरबस ए-३२० मध्ये मान बरीच वळवली तर पंखाचं टोक जेमतेम नजरेला पडतं. बोइंग ७७७ सारख्या मोठ्या विमानात तेही दिसत नाही. शेपटी तर कुठल्याच विमानात दिसत नाही. उड्डाणाच्या सगळ्या टप्प्यांत हा एकच असा, की विमानाची जबाबदारी कॅप्टनवर आणि सुकाणू दुसऱ्याच्या हातात.

टगचा चालकही मोकळ्या नजरेने पाहू शकत नाही. त्याच्या समोर विमानाचं पोट आणि दोन इंजिनं असतात, पुढची अर्धी दुनिया त्यांनी झाकलेली असते. म्हणून तिसरी माणसं लागतात. एक जण हेडसेट लावून टगबरोबर चालतो आणि कॅप्टनशी बोलत राहतो. आणखी एक किंवा दोघं पंखांच्या टोकांशी चालतात, त्यांना विंग वॉकर म्हणतात.

एसटी स्टँडवर बस मागे घेताना कंडक्टर खाली उतरून मागे उभा राहतो आणि शिटी वाजवत "येऊ दे, येऊ दे" करतो, ते डोळ्यासमोर आणा. विंग वॉकर म्हणजे तोच कंडक्टर. फरक इतकाच, की बस अडीच मीटर रुंद असते आणि ए-३२० चे पंख टोकापासून टोकापर्यंत जवळजवळ ३६ मीटर. एका कंडक्टरला दोन्ही बाजू दिसणं अशक्य. शिवाय इथे इंजिनांच्या आवाजात शिटी कुणाला ऐकू येणार? हातातली काठी किंवा दिवा वर धरून खूण करायची, आणि ती खूण टगवाल्याने पाहिली पाहिजे.

वेग तर माणसाच्या चालण्याएवढा. मग थांबवता का येत नाही?

वेग कमी असतो, वजन नसतं. ७० टनांचं विमान ताशी ५ किलोमीटरने सरकत असेल, तर त्यात साठलेली ऊर्जा ही एक टनाची मोटार ताशी सुमारे ४२ किलोमीटरने जात असताना असते तितकी भरते. कागदावर हिशेब करून पाहा. भरलेलं बोइंग ७७७-३००ईआर ३५० टनांपर्यंत जातं, त्याचं गणित आणखी पाचपट. ही ऊर्जा आदळते कशावर? पंखाच्या टोकाशी असलेल्या पातळ पत्र्यावर, किंवा दुसऱ्या विमानाच्या आडव्या शेपटीवर. त्यामुळे भिंतीला बैलगाडी लागावी तसा हा प्रकार होत नाही. दोन्ही बाजूंचं काहीतरी फाटतंच.

दुसरी अडचण जागेची. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ए-३२० किंवा ७३७ च्या वर्गातल्या विमानाला बेवर शेजारच्या विमानापासून किमान ४.५ मीटर मोकळी जागा हवी, त्याहून मोठ्यांना ७.५ मीटर. वाचायला भरपूर वाटतं. पण साडेचार मीटर म्हणजे एका मोटारीची लांबी. आणि हे माप विमान ठरलेल्या पिवळ्या रेघेवर, ठरलेल्या जागी थांबलेलं असेल तरच खरं. शेजारचं विमान दोन मीटर आधीच थांबलं, किंवा पुशबॅक करणाऱ्याने रेघ सोडून लवकर वळवलं, की हिशेब कोलमडतो.

तिसरी गोष्ट वळवण्याची. उसाची ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर कधी मागे घेतलात का? ट्रॉली डावीकडे न्यायची तर ट्रॅक्टरचं तोंड आधी उलट्या बाजूला फिरवावं लागतं, आणि एकदा ती वळायला लागली की हाताबाहेर जायला वेळ लागत नाही. टो बार लावलेलं विमान ढकलणं याच जातीचं काम आहे. सरावलेला माणूस ते इतकं सहज करतो, की सोपं वाटतं.

वळताना पंख "लांब" होतो असं वाचलं. हे काय आहे?

पंख लांब होत नाही, त्याचा फेरा लांब होतो. आजच्या विमानांचे पंख मागे झुकलेले असतात. टोक मुख्य चाकांच्या बरंच मागे असतं. विमान ज्या बिंदूभोवती वळतं तो मुख्य चाकांच्या रेषेवर असतो, म्हणून मागे असलेलं टोक वळताना सरळ रेषेत जातानापेक्षा बाहेर फेकलं जातं. एसटी स्टँडच्या तोंडाशी वळताना बसचा मागचा कोपरा बाहेर येतो आणि रस्त्याकडेच्या सायकली पाडतो, अगदी तसं. चालक समोर पाहत असतो आणि समोर सगळं मोकळंच असतं.

जमिनीवर रंगवलेल्या रेघा हा फेरा गृहीत धरून आखलेल्या असतात. म्हणूनच रेघेवरून विमान हलवणं ही शिस्तीची बाब आहे, सौंदर्याची नाही.

अशा धडका खरंच किती वेळा होतात? काही ठळक प्रसंग सांगा.

छोट्या-मोठ्या धडका जगभर होतच असतात. प्रवासी जखमी होण्याइतपत गंभीर मात्र क्वचित. काही प्रसंग जरा सविस्तर पाहण्याजोगे आहेत, कारण प्रत्येकात बिघडलेली गोष्ट वेगळी आहे.

१६ जानेवारी २०२४, जपानमधलं होक्काइडो. न्यू चितोसे विमानतळावर जोराचा बर्फ पडत होता. कोरियन एअरचं ए-३३० मागे ढकललं जात असताना त्याचा पंख कॅथे पॅसिफिकच्या उभ्या बोइंग ७७७ च्या शेपटीला लागला. कोरियन विमानात प्रवासी आणि कर्मचारी मिळून २८९ जण होते, कॅथेचं रिकामं होतं. बर्फामुळे टग घसरला असं कोरियन एअरने सांगितलं. इथे माणसाने पाहिलं असतं तरी चाकाने ऐकलं नसतं. वॉशिंग्टनच्या त्या टगला ४२ वर्षं उलटली होती, बर्फ तोच.

२८ मार्च २०१८ रोजी तेल अवीवच्या बेन गुरियन विमानतळावर जे झालं त्याचा फोटो तुम्ही पाहिला असेल. इस्राएलच्या एल अल कंपनीचं बोइंग ७६७ आणि जर्मनिया या जर्मन कंपनीचं ७३७ शेपटीकडून एकमेकांत असे अडकले, की भांडून पाठ फिरवलेल्या दोन म्हशींची शेपटं गुंतावीत. दोन्हींत प्रवासी होते, कुणालाही इजा झाली नाही. मागे सरकणाऱ्या विमानाच्या मागे कोण आहे, हे दोन्ही कॉकपिटांतून दिसणं शक्यच नव्हतं.

५ जानेवारी २०१८ ची टोरंटोची घटना मात्र हसण्याची नाही. कॅन्कूनहून आलेलं वेस्टजेटचं ७३७ बे मोकळा होण्याची वाट पाहत उभं होतं, आत १६८ प्रवासी आणि ६ कर्मचारी. सनविंगचं रिकामं ७३७ टगने हलवलं जात होतं. त्याची शेपटी वेस्टजेटच्या उजव्या पंखावर आदळली आणि आग लागली. पंखात इंधनाची टाकी असते हे इथे विसरून चालत नाही. प्रवासी घसरगुंड्यांवरून उणे तापमानात बाहेर पडले. धडक चालण्याच्या वेगाची, पण परिणाम विमान रिकामं करण्यापर्यंत गेला. शेपटीत उड्डाणाआधी वीज आणि हवा पुरवणारं छोटं इंजिन असतं, म्हणजे दोन नाजूक टोकं एकमेकांना भिडली होती.

६ एप्रिल २०२४ ला लंडनच्या हीथ्रोवर व्हर्जिन अटलांटिकचं बोइंग ७८७ बेवरून मागे काढलं जात असताना त्याच्या पंखाचं टोक ब्रिटिश एअरवेजच्या उभ्या ए-३५० ला लागलं. ७८७ मध्ये प्रवासी नव्हते. रिकामं विमान हलवतानाच्या घटना या यादीत वारंवार येतात हे माझ्या मनात राहतं. प्रवासी नसले की घाई नसते, आणि मला वाटतं, घाई नसली की कधीकधी माणसंही कमी लावली जातात.

आपल्याकडे २८ मार्च २०२२ ला दिल्लीत स्पाइसजेटचं जम्मूला निघालेलं बोइंग ७३७ मागे ढकलताना त्याचा उजवा पंख विजेच्या खांबाला लागला. खांब हलत नाही, तो कुठे आहे हे सगळ्यांना माहीत असतं, तरी लागला. प्रवाशांना दुसऱ्या विमानात बसवलं.

कोलकात्याला इंडिगोचं विमान घासलं होतं, ते पुशबॅकच ना?

नाही. २७ मार्च २०२४ ला इंडिगोचं ए-३२० स्वतःच्या इंजिनांवर टॅक्सी करत होतं आणि धावपट्टीवर जाण्याची वाट पाहत थांबलेल्या एअर इंडिया एक्सप्रेसच्या ७३७ च्या पंखाला त्याचा पंख लागला. डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, इंडिगोच्या दोन्ही वैमानिकांना कामावरून बाजूला केलं. जून २०२३ मध्ये टोकियोच्या हानेदाला थाई आणि ईव्हीए एअरची दोन ए-३३० घासली तीही टॅक्सी करतानाच. बातम्यांत सगळं "विमानतळावर टक्कर" याच मथळ्याखाली येतं. टॅक्सीत मात्र पंखाच्या टोकाकडे पाहणं हे वैमानिकाचं काम, पुशबॅकमध्ये ते जमिनीवरच्या माणसाचं. चूक शोधताना हा फरक सगळ्यात आधी लागतो. (मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या वर्षांत तीन घटना हा निव्वळ योगायोग आहे. त्यावरून मुहूर्त काढू नका.)

महाराष्ट्रात असं काही घडलं आहे का?

पुण्यात मे २०२४ मध्ये एअर इंडियाचं सुमारे १८० प्रवाशांना घेऊन दिल्लीला निघालेलं विमान टग ट्रॅक्टरलाच धडकलं. नाकाकडचा भाग आणि एक चाक यांना इजा झाली, प्रवासी सुखरूप उतरले. ज्या वाहनाने विमान हलवायचं त्यालाच विमान लागलं, याची तेव्हा गावभर थट्टा झाली. एअरफोर्सच्या तळावर चालणारं लोहगाव जागेच्या बाबतीत आधीपासूनच चिंचोळं आहे, हेही तेव्हा बोललं गेलं.

मुंबईची घटना मात्र थट्टेपलीकडची. १६ डिसेंबर २०१५ च्या रात्री एअर इंडियाचं हैदराबादला जाणारं ए-३१९ बेवरून निघत होतं. पुशबॅक झालं, इंजिनं चालू होती आणि जमिनीवरून "मोकळं आहे" अशी पक्की खूण मिळण्याआधीच विमान पुढे निघालं. नाकाजवळ उभा असलेला कंपनीचाच तंत्रज्ञ इंजिनात ओढला जाऊन जागीच गेला. याला कुणी "धडक" म्हणत नाही, पण मुळाशी तोच दोष आहे. कॉकपिटमधल्या दोघांना जमिनीवरचा माणूस दिसत नव्हता आणि एका इशाऱ्याचा अर्थ दोन ठिकाणी दोन लागला. पुशबॅकबद्दल बोलताना पत्र्याच्या किमतीपेक्षा आधी हे लक्षात ठेवावं. रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी असतात त्या आवारात, सगळ्यात उघडा असतो तो माणूस.

टो बार तुटला तर विमान सुटतं का?

टो बारमध्ये मुद्दाम एक कमजोर पिन बसवलेली असते. फार जोर आला किंवा फार वळवलं तर ती आधी तुटते, म्हणजे विमानाचं पुढचं चाक वाचतं. मिक्सरमध्ये फ्यूज असतो तसं. पुढच्या चाकाच्या दारांवर लाल रेघा रंगवलेल्या असतात, त्यापलीकडे वळवायचं नसतं. पण पिन तुटली, की क्षणभर विमान खरोखरच मोकळं असतं, आणि उतार असेल तर ते टगवरच चालून येऊ शकतं. अशा वेळी हेडसेटवाला कॅप्टनला ब्रेक लावायला सांगतो.

मग कॅप्टनने आधीच ब्रेकवर पाय ठेवून का बसू नये?

कारण ढकलत असताना अचानक ब्रेक लावले तर विमानाचा सगळा झटका त्या दांड्यावर आणि पुढच्या चाकावर येतो. पिन तुटेल, चाकाचा सांगाडा वाकेल, आणि मागे भार जास्त असेल तर नाक वर उचललं जाऊन शेपूट जमिनीला टेकण्याचीही भीती असते. म्हणून नियम असा, की पुशबॅक सुरू असताना पाय ब्रेकपासून दूर, आणि ब्रेक फक्त जमिनीवरून सांगितल्यावर. ज्याला काही दिसत नाही त्यानेच घाबरून ब्रेक दाबायचा नाही, एवढा विश्वास इथे लागतो.

टॉवरने "पुशबॅक अप्रूव्ड" म्हटलं, म्हणजे मागे सगळं मोकळं असतं ना?

हा गैरसमज सगळ्यात जास्त आढळतो. कंट्रोलर परवानगी देतो तेव्हा मागच्या टॅक्सीवेवरून येणाऱ्या दुसऱ्या विमानाशी गाठ पडणार नाही याची व्यवस्था करतो, आणि विमानाचं तोंड पूर्वेला करायचं की पश्चिमेला तेही सांगतो. सर्व्हिस रोडवरचा सामानाचा ट्रॉली-ताफा, चुकीच्या जागी लावलेली शिडी, दिव्याचा खांब हे त्याच्या हाती नसतं. कित्येक विमानतळांवर टॉवरमधून काही बे दिसतही नाहीत, मध्ये टर्मिनलचीच इमारत येते.

त्या रस्त्यावर काय-काय धावत असतं याची कल्पना यावी म्हणून एक गोष्ट. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्लीत एका विमान कंपनीची मोटार इंडिगोच्या उभ्या ए-३२० च्या नाकाखाली जाऊन थांबली. पुढच्या चाकाला लागता-लागता राहिली. एप्रिल २०२५ मध्ये बेंगळुरूला टेम्पो ट्रॅव्हलर इंडिगोच्या उभ्या विमानाच्या नाकाखाली घुसलाच.

मग दोष कुणाच्या माथी?

बहुतेक वेळा एकट्या कुणाच्या नाही. टगवाला ग्राउंड हँडलिंग कंपनीचा, विमान एका कंपनीचं, शेजारचं दुसऱ्या कंपनीचं, जमीन विमानतळाची, परवानगी कंट्रोलरची. भारतात डीजीसीए आणि गंभीर प्रकरणात विमान अपघात तपास विभाग चौकशी करतात. चौकशीचा हेतू शिक्षा नसून कारण शोधणं हा असतो, निदान कागदावर तरी. पहिली कारवाई मात्र नेहमी माणसावर होते, कारण माणसाला घरी बसवायला अर्धा दिवस पुरतो आणि बेची आखणी बदलायला वर्षं लागतात. पंखाशी चालायला माणूस का नव्हता याचं उत्तर टगवाल्याकडे नसतं, ते शिफ्टचा तक्ता बनवणाऱ्याकडे असतं.

एक तांत्रिक बारकावा: आंतरराष्ट्रीय व्याख्येत "अपघात" मोजला जातो तो कुणीतरी उड्डाणाच्या हेतूने विमानात चढल्यापासून सगळे उतरेपर्यंत. रिकामं विमान हँगरकडे ढकलताना खांबाला लागलं, तर नुकसान कोट्यवधींचं असूनही ते या व्याख्येबाहेर पडू शकतं.

एवढासा ओरखडा आला म्हणून अख्खं उड्डाण रद्द? हे जरा अतीच नाही का?

याला उत्तर म्हणून २६ डिसेंबर २००५ ची गोष्ट पुरे. सिएटलहून बरबँकला निघालेलं अलास्का एअरलाइन्सचं एमडी-८३ सुमारे २६,००० फुटांवर असताना केबिनमधला हवेचा दाब एकाएकी गेला. मुखवटे खाली आले, वैमानिकांनी विमान खाली आणून परत फिरवलं. विमानाच्या अंगाला साधारण एक फूट लांब आणि सहा इंच रुंद भोक पडलं होतं. निघण्यापूर्वी सामान चढवणाऱ्या एका कामगाराच्या वाहनाने विमानाला धक्का दिला होता आणि त्याने तो कुणाला सांगितलाच नाही. जमिनीवर ती एक चुरगळ होती. वर गेल्यावर आतून दाब वाढला आणि चुरगळ फाटली.

तेव्हा निदान चुरगळ दिसत तरी होती. बोइंग ७८७ आणि ए-३५० यांचं अंग बहुतांशी कार्बन तंतूंच्या थरांचं आहे. धातूला पोचा पडतो. हे साहित्य दणका खाऊन पुन्हा पूर्ववत दिसू शकतं, आणि आतले थर सुटलेले असतात. डोळ्यांनी पाहून "काही नाही झालं" म्हणता येत नाही, ध्वनिलहरींनी तपासावं लागतं. म्हणून धक्का लागला की विमान थांबणार आणि तुम्ही घड्याळाकडे पाहत बसणार. माझं मत विचाराल तर या उशिराबद्दल कुरकुर करू नये. ज्याने "साहेब, लागलं" असं स्वतःहून सांगितलं त्या कामगाराला मेमो देणाऱ्या कंपनीबद्दल मात्र जरूर करावी. पुढच्या वेळी तो सांगणार नाही.

साध्या मोटारीला पार्किंग सेन्सर असतात, विमानाला का नाहीत?

प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबीने २०१२ मध्येच शिफारस केली होती, की ज्या मोठ्या विमानांच्या पंखांची टोकं कॉकपिटमधून दिसत नाहीत, त्यांत टोकांपर्यंतचं अंतर दाखवणारं कॅमेऱ्यासारखं साधन बसवावं. काही मोठ्या विमानांत टॅक्सीसाठी कॅमेरे आहेतही. पण विमानात कोणतंही नवं उपकरण बसवायचं तर प्रमाणपत्रांची लांबलचक वाट चालावी लागते, शिवाय पंखाच्या टोकाशी वीज पडते, बर्फ साचतो, कंपनं असतात. त्यामुळे सेन्सर टगवर आणि जमिनीवरच्या वाहनांवर बसवणं जास्त सोपं पडतं, आणि हालचाल त्याच दिशेने दिसते.

दुसरा प्रयोग टॅक्सीबॉटचा. हे टगसारखंच वाहन, पण पुशबॅकनंतर त्याचं सुकाणू कॉकपिटमधून वैमानिकाच्या हाती येतं आणि ते विमानाला धावपट्टीजवळ नेऊन सोडतं, इंजिनं बंद ठेवून. ऑक्टोबर २०१९ मध्ये एअर इंडियाने दिल्लीहून मुंबईला येणाऱ्या ए-३२० साठी ते प्रवाशांसह वापरलं. इंधन वाचतं, आणि बेच्या गर्दीत चालू इंजिन नसल्याने माणूस ओढला जाण्याचा धोकाही टळतो. मागचं दिसण्याचा प्रश्न मात्र तिथेही माणसाच्याच डोळ्यांवर आहे.

नुकसान किती होतं?

विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने, म्हणजे आयाटाने, २०२२ मध्ये मांडलेला अंदाज असा, की जमिनीवरच्या नुकसानाचा वार्षिक खर्च २०३५ पर्यंत दुप्पट होऊन १,००० कोटी डॉलरच्या घरात जाऊ शकतो. यात फक्त पुशबॅक नाही. एकूण घटनांत सामान चढवणारे पट्टे, माल चढवणारी यंत्रं, शिड्या आणि एरोब्रिज यांचाच वाटा ४० टक्के. दुरुस्तीपेक्षा विमान उभं राहिल्याचा आणि प्रवाशांची सोय करण्याचा खर्च पुष्कळदा मोठा असतो.

माझं विमान यामुळे अडकलं. मला काय मिळेल?

भारतात डीजीसीएच्या नियमांनुसार उड्डाणाच्या लांबीप्रमाणे २ ते ४ तासांहून जास्त उशीर झाला, की खाणंपिणं देणं कंपनीवर बंधनकारक आहे. सहा तासांहून जास्त झाला तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा मागता येतो. रोख भरपाईच्या बाबतीत "आमच्या हाताबाहेरची परिस्थिती" हे कारण पुढे येतं आणि तिथे वाद सुरू होतो.

युरोपातून प्रवास करणाऱ्यांसाठी हा वाद न्यायालयात बराच पुढे गेला आहे. विमानतळाची फिरती शिडी विमानाला लागली, तर ती विमान चालवण्याच्या धंद्यातली नेहमीची गोष्ट, भरपाई टाळता येणार नाही, असं युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटलं. पण उभ्या विमानाला दुसऱ्या कंपनीच्या सरकणाऱ्या विमानाने धडक दिली, तर ती असाधारण परिस्थिती, असं २०२१ मध्ये ठरलं. थोडक्यात, तुमच्या विमानाला कोण धडकलं हे विचारून लिहून घ्या. म्युनिक किंवा फ्रँकफर्टला अडकलेल्या माणसाला त्यावर काहीशे युरोंचा फरक पडू शकतो.

आत बसलेलो असताना धक्का जाणवला तर?

पट्टा सोडू नका, उठून सामान काढायला लागू नका. पुशबॅकमध्ये विमान थोडं हिसका देऊन थांबणं रोजचंच आहे, प्रत्येक हिसका म्हणजे धडक नव्हे. पण खिडकीतून पंखाचं टोक कशाला लागताना, पत्रा लटकताना किंवा इंधन गळताना खरंच दिसलं, तर केबिन क्रूला बोलावण्याचं बटण दाबून स्पष्ट सांगा. लाजू नका. कॉकपिटमधून जे दिसत नाही ते सतराव्या रांगेतून दिसतं. बाहेर पडायला सांगितलं तर बॅग तिथेच सोडायची.

पुशबॅक झाल्यावर एक माणूस बाजूला उभा राहून लाल फीत उंच धरतो. ते कशासाठी?

ती फीत एका छोट्या पिनला बांधलेली असते. टग लावण्यापूर्वी ही पिन पुढच्या चाकाजवळ खोचतात, म्हणजे कॉकपिटमधून चाक वळवण्याची यंत्रणा निकामी होते. नाहीतर आतून कुणी चुकून सुकाणू हलवलं, तर टो बार फिरून बाहेरच्या माणसाचे पाय मोडतील. पुशबॅक संपलं, टग सुटला, दांडा निघाला, की पिन काढायची. मग तो माणूस विमानापासून लांब, जिथून कॅप्टनला दिसेल अशा बाजूला येतो, पिन फितीसकट वर धरतो आणि थांबतो. अर्थ एवढाच, की पिन माझ्या हातात आहे, माणसं आणि टग बाजूला आहेत, चाक आता तुमचं. वरून दिवा लुकलुकतो किंवा हात हलतो. तो दिसेपर्यंत खालचा माणूस हात खाली घेत नाही. आणि खालचा हात दिसेपर्यंत वरच्याने हलायचं नसतं. डावीकडच्या खिडकीत जागा मिळाली तर पाहा, दोन-चार सेकंदांचं काम असतं.